पोलर एच-१० : सोलापूरच्या उन्हात छातीचा पट्टा बांधून

व्यायाम करताना हृदयाची गती कितीपर्यंत वाढू द्यावी, हा प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना कधी ना कधी पडतो, आणि हल्ली त्याचे उत्तर मनगटावरच्या घड्याळाकडे मागण्याची पद्धत पडली आहे. मी तेच उत्तर छातीला बांधायच्या पट्ट्याकडे मागून पाहिले. पोलर कंपनीचा एच-१० हा पट्टा मी हिवाळ्याच्या थंडीपासून उन्हाळ्याच्या तलखीपर्यंत वापरला असून त्याविषयीचे माझे मत आधीच सांगतो : ठोके मोजण्याच्या कामात तो अतिशय भरवशाचा आहे, मात्र तुमच्यासाठी सुरक्षित मर्यादा कोणती हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याच्यासोबतच्या ॲपमध्ये जी मर्यादा आयती भरून येते ती जशीच्या तशी मानणे योग्य नाही.

पोलर ही फिनलंडमधील कंपनी १९७७ मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिने छातीवरचे ठोके तारेविना मनगटावर दाखवणारे यंत्र बाजारात आणले. एच-१० हा त्याच घराण्यातला. यात दोन भाग असतात. पहिला म्हणजे छातीभोवती, स्नायूंच्या उभाराच्या किंचित खाली बांधायचा लवचीक पट्टा, ज्याच्या आतल्या बाजूस विद्युत संकेत टिपणारे मऊ भाग असतात. आणि दुसरा म्हणजे टिचबटणांनी त्यावर बसणारी छोटी डबी. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाच्या वेळी जो सूक्ष्म विद्युत संकेत निर्माण होतो, तो ही डबी थेट टिपते. दवाखान्यात ईसीजी काढताना जे तत्त्व वापरले जाते तेच इथे आहे, फक्त उद्दिष्ट ठोके मोजण्यापुरते मर्यादित आहे. पट्ट्याला स्वतःचा पडदा नाही. आकडा पाहण्यासाठी फोन, घड्याळ किंवा जिममधील एखादे जुळणारे यंत्र लागते.

मनगटी घड्याळाची तऱ्हा वेगळी. ते हिरवा प्रकाश कातडीत सोडते आणि रक्ताच्या प्रवाहानुसार परत येणाऱ्या प्रकाशात जो चढउतार होतो त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधते. बसल्या जागी हा अंदाज बरा येतो. हात हलू लागला, पट्टा सैल असला किंवा मनगटावर गोंदण असले की गडबड सुरू होते, आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे पावलांची लय हीच हृदयाची लय समजण्याची चूक घड्याळ करून बसते. संभाजी तलावाच्या काठी एका सकाळी हे फार नेमके पाहायला मिळाले. आमच्याबरोबर हलके धावणारा एक तरुण माझ्या दोन्ही उपकरणांकडे पाहत होता. माझ्या मनगटावरचे घड्याळ १६२ दाखवत होते आणि त्याचा पडदा लाल झाला होता. तो म्हणाला, “काका, लाल झालं की ओ, थांबा जरा!” त्याच क्षणी फोनवर पट्ट्याचा आकडा १३१ होता. मी थांबून मनगटावर दोन बोटे ठेवली, तीस सेकंद मोजले आणि दुप्पट केले. थांबल्यामुळे गती थोडी उतरली असणार हे गृहीत धरूनही उत्तर पट्ट्याच्याच बाजूचे होते. १६२ हा माझ्या पावलांचा आकडा होता. घड्याळाच्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नसून त्या तंत्राचा आहे.

हा फरक केवळ नोंदवहीपुरता राहत नाही. ज्याला डॉक्टरांनी “एकशे तीसच्या वर जाऊ देऊ नका” असे सांगितले आहे, त्याने घड्याळाच्या अशा आकड्यावर विसंबून एक तर विनाकारण घाबरायचे किंवा, आकडा उलट दिशेने चुकल्यास, विनाकारण निर्धास्त राहायचे. त्यामुळे ज्यांच्या बाबतीत ठरावीक आकड्याला खरोखर महत्त्व आहे, त्यांनी मनगटापेक्षा छातीवर भरवसा ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मर्यादेकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या पट्ट्याचा उपयोग किंवा निरुपयोग तिथेच ठरतो. ॲपमध्ये वय भरले की ते “२२० वजा वय” या सूत्राने कमाल गती काढते आणि तिचे पाच टप्पे पाडते. माझे वय चौपन्न. म्हणजे कमाल गती १६६, आणि तिच्या नव्वद टक्क्यांपासून, म्हणजे १५० च्या आसपास, लाल टप्पा सुरू. हे सूत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेतील फॉक्स आणि हॅस्केल या दोन तज्ज्ञांच्या लेखनातून रूढ झाले. त्यामागे खास त्यासाठी केलेला प्रयोग नव्हता; तोवरच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे मांडून त्यांतून ओढलेली ती एक सोयीची सरळ रेषा होती. रेषा सरासरीची आहे आणि व्यक्तिगणिक फरक साधारण दहा ते बारा ठोक्यांचा असतो. याचा अर्थ असा की एकाच वयाच्या निरोगी माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे त्या आकड्यापासून दहा-बारा ठोक्यांहूनही अधिक दूर असतात, कोणी वर तर कोणी खाली. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी “२०८ वजा वयाच्या सात दशांश” हे सूत्र मांडले, जे उतारवयात अधिक जवळचे ठरते. माझ्यासाठी ते १७० येते. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांच्या अभ्यासातून स्त्रियांसाठी “२०६ वजा वयाच्या ०.८८ पट” असे वेगळे सूत्र पुढे आले. पन्नास वर्षांच्या स्त्रीसाठी जुने सूत्र १७० सांगते आणि हे १६२. आठ ठोक्यांचा हा फरक ॲपच्या हिशेबात अर्ध्या टप्प्याइतका होतो.

या सगळ्या अंदाजांपेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेली टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावरची (ट्रेडमिलवरची) तपासणी, केव्हाही अधिक बोलकी. तीत सहसा ब्रूस पद्धतीने दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग दोन्ही वाढवले जातात आणि त्याबरोबर ईसीजी व रक्तदाब पाहिला जातो. सोलापूर हे दवाखान्यांचे गाव आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतून, धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या विजापूर-कलबुर्गी भागातूनही रुग्ण इथे येतात, त्यामुळे ही तपासणी करून घेण्यासाठी पुण्याची गाडी पकडण्याची गरज नाही. माझ्या तपासणीत गती १७४ पर्यंत गेली आणि अहवाल निर्दोष आला. अनेकदा ही तपासणी अंदाजित कमाल गतीच्या ८५ टक्क्यांशी थांबवतात, तेव्हा अहवालातला शेवटचा आकडा म्हणजेच आपली कमाल गती असे समजू नये. ती थकून थांबली की ठरवून थांबवली, हे विचारून घ्यावे.

१७४ हा आकडा मी ॲपमध्ये हाताने भरला. ही सोय सेटिंगमध्ये दिलेली आहे आणि पट्टा घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ती वापरावी. शिवाय विश्रांतीच्या गतीचाही हिशेब धरणारी एक पद्धत आहे, जी १९५७ मध्ये कार्व्होनेन यांनी मांडली; तेही फिनलंडचेच. कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करायची, उरलेल्या राखीव गतीचे ठरावीक टक्के घ्यायचे आणि त्यात विश्रांतीची गती पुन्हा मिळवायची. सकाळी उठल्या उठल्या माझी गती ६६ असते. राखीव गती १०८ आली. मध्यम व्यायामासाठी तिचे चाळीस ते साठ टक्के धरतात. म्हणजे माझ्यासाठी सुमारे ११० ते १३० हा टप्पा झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशनची सोपी मांडणी कमाल गतीच्या पन्नास ते सत्तर टक्क्यांना मध्यम आणि सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांना जोरदार व्यायाम म्हणते. निरोगी माणसाने पंच्याऐंशीची रेषा थोडा वेळ ओलांडली म्हणून त्याच्या हृदयाला लगेच धोका होतो असे नाही. खरा धोका आत लपलेला हृदयविकार आणि सवय नसताना एकदम घेतलेले श्रम यांच्या जोडीत असतो. म्हणूनच वर्षानुवर्षे गादीवर बसून व्यवहार सांभाळलेल्या माणसाने एखाद्या रविवारी तरुणांबरोबर शर्यत लावणे हे रोज १५० पर्यंत जाणाऱ्या सरावलेल्या धावपटूच्या व्यायामापेक्षा कितीतरी अधिक जोखमीचे आहे.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी वरची सगळी सूत्रे बाजूला ठेवावीत. या गोळ्या हृदयाची गती फारशी वाढू देत नाहीत. माझ्या पत्नीला यातली एक गोळी सुरू आहे. तिने पट्टा बांधून तलावाला भरभर फेरी मारली तर आकडा शंभराच्या थोडासा वर जाऊन थांबतो, आणि ॲप तिला मोठ्या उत्साहाने सांगते की तुमचा व्यायाम फारच हलका झाला, जोर वाढवा. प्रत्यक्षात तिला चांगला दम लागलेला असतो. अशा वेळी आपल्याला किती श्रम वाटतात हाच प्रमाण मानण्याचा आकडा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी सहा ते वीस अशी मोजपट्टी तयार केली आहे. साध्या भाषेत सांगायचे तर सलग वाक्ये बोलता येत आहेत पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम व्यायाम. ॲपमध्ये ‘मी ही गोळी घेतो’ असे नोंदवण्याची ठळक जागा असायला हवी होती. ती मला कुठे दिसली नाही आणि एवढ्या अनुभवी कंपनीकडून ही उणीव मला खटकते.

सोलापूरच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सूर्य मावळल्यावरही डांबरी रस्ते आणि घरांच्या भिंती तापलेल्याच असतात. जानेवारीच्या सकाळी ज्या वेगाने चालताना माझा आकडा ११२ च्या आसपास राहत असे, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, एप्रिलच्या संध्याकाळी तो १२८ वर गेला, आणि अर्ध्या तासानंतर वेग न वाढवता तो आणखी चढत राहिला. पट्टा बिघडलेला नव्हता. अंग थंड ठेवण्यासाठी शरीर बरेचसे रक्त कातडीकडे वळवते, घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय ठोके वाढवते. म्हणजे चालणे तेच असले तरी हृदयाला काम जास्त पडते. अशा वेळी चालण्याचा वेग सांभाळायचा नसतो, हृदयाची गती सांभाळायची असते. आकडा आपल्या ठरलेल्या टप्प्याबाहेर जाऊ लागला की चाल कमी करावी, सावली धरावी, पाणी प्यावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर तर ‘काल पाच फेऱ्या झाल्या, आज सहा करू’ हा हट्ट नकोच. पट्ट्याचे पैसे वसूल झाले असे मला ज्या ऋतूत वाटले तो हाच; थंडीत अंगाच्या अंदाजाने भागते, उन्हाळ्यात तो अंदाज फसतो.

इथल्या कोरड्या हवेचा पट्ट्यावरही परिणाम होतो. विद्युत संकेत टिपणारे भाग ओले असल्याशिवाय संकेत नीट मिळत नाही, म्हणून बांधण्यापूर्वी ते पाण्याने ओले करावे लागतात. एकदा घाम आला की पुढे काही पाहावे लागत नाही, पण हिवाळ्यात घाम यायलाच पंधरा मिनिटे लागतात आणि तोवर पट्टा वाळला, वर नायलॉनचा फडफडणारा टी-शर्ट असला, तर आकडा क्षणात ९० वरून २०० च्या पुढे उडी मारून परत येतो. ही उडी बहुधा खोटी असते. हृदयाची गती श्रमाबरोबर पायरी-पायरीने चढते. तरीही आकडा वरच टिकून राहिला आणि त्याबरोबर धडधड, अस्वस्थता किंवा चक्कर जाणवली, तर उपकरणाला दोष देत न बसता थांबावे, नाडीवर बोटे ठेवावीत आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ठोक्यांत अनियमितता असलेल्यांना आणि पेसमेकर बसवलेल्यांना या पट्ट्याचा आकडा कितपत लागू पडतो, हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगावे.

पट्ट्याचा एक उपयोग मला अनपेक्षितपणे मोलाचा वाटला, तो म्हणजे व्यायाम थांबवल्यानंतर गती किती लवकर उतरते हे पाहण्याचा. क्लीव्हलंड येथील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीनंतर पहिल्या मिनिटात गती बारा ठोके किंवा त्याहून कमी उतरणाऱ्यांमध्ये पुढील काळातील मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले होते. घरच्या घरी यावरून निदान करत बसू नये, पण आकडा नेहमीच मंद गतीने उतरत असेल तर तो डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. मात्र हे पाहण्यासाठी धावता-धावता एकदम खिळल्यासारखे उभे राहू नये. पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते. हळू चालत राहूनच मिनिटभराने आकडा पाहावा आणि त्यानंतरही पाच मिनिटे चालावे.

आकड्याला काय दिसत नाही, हेही जाणून घेतले पाहिजे. जड वजन श्वास रोखून उचलताना गती फारशी वाढत नाही, पण रक्तदाब झपाट्याने चढतो, आणि पट्ट्याला त्याचा पत्ता नसतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी नंदीध्वजाची जड, उंच काठी पेलण्याचा सराव करणाऱ्यांपासून जिममध्ये बार उचलणाऱ्यांपर्यंत सर्वांना हे लागू आहे. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी कळ, श्रमाच्या मानाने फार धाप, थंड घाम, भोवळ, यांपैकी काहीही जाणवले तर आकडा ९० असो वा १५०, व्यायाम तिथेच थांबवून १०८ वर फोन करावा. मधुमेह असलेल्यांना छातीतली कळ जाणवतच नाही असेही घडते, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा वेगळा थकवा किंवा धाप हीच सूचना मानावी.

बाकी सोयी-गैरसोयी थोडक्यात. दोन ब्लूटूथ उपकरणांना एकाच वेळी आकडा पाठवता येतो, त्यामुळे फोन आणि जिममधील यंत्र दोन्ही चालू ठेवता आले. फोन घरी ठेवूनही एका वेळच्या व्यायामाची नोंद डबीत साठते, पण व्यायाम सुरू करण्यापूर्वी ॲपमधून तशी आज्ञा द्यावी लागते, हे लक्षात ठेवणे आले. पोहताना चालतो. वापरानंतर डबी पट्ट्यापासून काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उगाच संपत राहते. आणि पट्टा दर वेळी साध्या पाण्याखाली खळबळून घ्यावा, कारण आपल्याकडचा घाम वाळला की त्यावर मिठाचा पांढरा थर बसतो आणि पट्ट्याची लवचीकता लवकर जाते. उन्हाळ्यात घामोळे असलेल्यांना तो बोचतो. सलग महिनाभर रोज बांधला तर कातडीवर लाल वण उमटतात, म्हणून एखाददुसरा दिवस सोडून वापरणे मला बरे वाटले.

किंमत जास्त आहे, हे मान्यच करावे लागेल. नवी पेठेतील मोबाइलच्या दुकानांत मनगटी घड्याळांची रीघ आहे, पण छातीचा पट्टा मागितला तर दुकानदार कमरेचा पट्टा दाखवतो, त्यामुळे तो ऑनलाइनच मागवावा लागला. मागवताना छातीचा घेर टेपने मोजूनच माप निवडावे. पट्टा लहान आणि मोठा अशा दोन मापांत येतो आणि सैल पट्टा घसरून पोटावर आला की त्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. बॅटरी सीआर-२०२५ या साध्या क्रमांकाची असून घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ती सुमारे ४०० तास चालते. ज्यांना फोन बरोबर ठेवायला हरकत नाही आणि नुसतीच सकाळची फेरी मोजायची आहे, त्यांनी याच कंपनीचा एच-९ पाहावा; त्यात नोंद साठवण्याची सोय नाही, पण तो स्वस्त आहे आणि विद्युत संकेत टिपण्याचे तत्त्व दोन्हींत तेच आहे.